मेंदूतला हमिंगबर्ड

हमिंगबर्ड हा पक्षी फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत सापडतो. आपल्याकडे जास्वंदीभोवती भिरभिरणाऱ्या शिंजिराला बरेच जण हमिंगबर्ड म्हणतात, पण तो वेगळा पक्षी. जपानमध्येही हमिंगबर्ड नाही. तरी २००३ साली काटो, अराई आणि हत्तोरी या तीन जपानी डॉक्टरांच्या शोधनिबंधातून एक हमिंगबर्ड वैद्यकशास्त्रात येऊन बसला. तो त्यांना दिसला होता माणसाच्या मेंदूत, एमआरआयच्या चित्रात.

नाकाच्या शेंड्यापासून मानेच्या मागपर्यंत डोक्याचा उभा काप घेतला, तर बरोबर मधोमध मेंदूचा देठ दिसतो. त्याला मस्तिष्कस्तंभ म्हणतात. वरचा भाग मध्यमेंदू, त्याखाली फुगीर पॉन्स आणि त्याखाली पाठीच्या कण्यात उतरणारा मेड्युला. निरोगी माणसात मध्यमेंदूची वरची कड थोडी फुगलेली असते. एका दुर्मिळ आजारात हा मध्यमेंदू आकसत जातो आणि पॉन्स मात्र बराचसा तसाच राहतो. मग त्या काळ्या-पांढऱ्या चित्रात एक आकृती तयार होते. आकसलेला मध्यमेंदू म्हणजे बारीक डोकं आणि पुढे आलेली चोच, खालचा पॉन्स म्हणजे गुबगुबीत पोट. एकदा कुणी दाखवला की हा पक्षी पुन्हा कधीच नजरेतून सुटत नाही.

आजाराचं नाव प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी, म्हणजे पीएसपी. एक लाख लोकांत साधारण पाच-सहा जणांना तो असतो असं मानतात. सुरुवात बहुतेक वेळा साठीच्या आसपास होते. पीएसपीचं वर्णन प्रसिद्ध झालं १९६४ मध्ये आणि दवाखान्यांत एमआरआय आला १९८०च्या दशकात. मग पक्षी दिसायला २००३ का उजाडावं लागलं? या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी बरंच वाचत गेले. माझा धंदा सॉफ्टवेअरचा, वैद्यकाचा नाही. पण घरात हा आजार आला आणि प्रश्न डोक्यातून जाईना.

टोरांटोतला मित्र

गोष्ट सुरू होते कॅनडात, १९५०च्या दशकाच्या मध्यावर. टोरांटोचे न्यूरोलॉजिस्ट जे. क्लिफर्ड रिचर्डसन यांच्याकडे त्यांचाच एक मित्र आला. पन्नाशी ओलांडलेला, उद्योगात मोठ्या पदावर असलेला माणूस. तक्रारी विचित्र होत्या. हालचाली बेंगरूळ झाल्या होत्या, नीट दिसत नव्हतं, थोडं विसरायला होत होतं. पुढच्या काही वर्षांत हे वाढत गेलं. डोळे वर-खाली हलेनात, बोलणं अडखळू लागलं, तोल जाऊ लागला, मान ताठ झाली.

रिचर्डसन यांना ठाऊक असलेल्या कुठल्याही आजाराच्या चौकटीत हे बसत नव्हतं. कंपवात म्हणावा तर हाताला कंप नव्हता. अशा वेळी कुठलंतरी जवळचं लेबल लावून मोकळं होणं सोपं असतं. रिचर्डसन यांनी तसं केलं नाही. मित्रासारखी लक्षणं असलेले आणखी रुग्ण आहेत का, हे ते बघत राहिले. आणि तसे रुग्ण निघाले.

जून १९६३ मध्ये अमेरिकेत अटलांटिक सिटीला अमेरिकन न्यूरोलॉजिकल असोसिएशनच्या सभेत हे काम पहिल्यांदा मांडलं गेलं. पुढच्या वर्षी नऊ रुग्णांची सविस्तर नोंद असलेला शोधनिबंध छापून आला. त्यावर नावं तीन होती. पहिलं जॉन स्टील यांचं. ते तेव्हा शिकाऊ डॉक्टर होते. दुसरं रिचर्डसन यांचं. तिसरं जेर्झी ओल्शेव्स्की यांचं. म्हणून या आजाराला अनेक वर्षं स्टील-रिचर्डसन-ओल्शेव्स्की सिंड्रोम म्हणत असत.

त्याआधी हा आजार नव्हता असं नाही. १८५७ मध्ये चार्ल्स डिकन्स आणि विल्की कॉलिन्स यांनी मिळून लिहिलेल्या एका प्रवासकथेत खिळलेल्या नजरेचा, ताठर, संथ म्हातारा येतो. ते वर्णन पीएसपीशी जुळतं असं अलीकडे एका न्यूरोलॉजिस्टने सुचवलं आहे. ते खरं असेल किंवा नसेलही. पण असे म्हातारे प्रत्येक गावात होऊन गेले असणार आणि लोकांनी 'वय झालं' म्हणून सोडून दिलं असणार, एवढं नक्की.

ज्याच्याकडे नकाशा होता

या तिघांत मला सगळ्यात ओढून घेतलं ते ओल्शेव्स्की यांनी. ते मूळचे पोलंडचे, मेंदूचे पॅथॉलॉजिस्ट. रुग्ण गेल्यावर त्याच्या मेंदूचे पातळ काप करून, ते रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं हे त्यांचं काम.

मस्तिष्कस्तंभ जेमतेम अंगठ्याएवढा. पण श्वास, गिळणं, तोल, डोळ्यांची हालचाल, जाग आणि झोप या सगळ्यांची गर्दी त्यात आहे. पेशींचे बारीक पुंजके एकमेकांना इतके चिकटून असतात की कुठला कुठे संपतो हे सांगणंच अवघड. १९५४ मध्ये ओल्शेव्स्की यांनी डोनाल्ड बॅक्स्टर यांच्याबरोबर मानवी मस्तिष्कस्तंभाच्या पेशीरचनेचा ॲटलास प्रसिद्ध केला होता. पुंजक्यामागून पुंजका, प्रत्येकाची जागा आणि पेशींची ठेवण त्यात नोंदलेली.

म्हणजे रिचर्डसन यांच्या रुग्णांचे मेंदू ज्या माणसासमोर आले, त्याने दहा वर्षांपूर्वीच त्या भागाचा नकाशा काढून ठेवला होता. निरोगी पुंजका कसा दिसतो हे ज्याला पाठ आहे, त्यालाच कुठल्या पुंजक्यातल्या पेशी कमी झाल्यात ते कळणार. ओल्शेव्स्की यांना मध्यमेंदूत आणि आसपासच्या ठराविक पुंजक्यांत पेशी मेलेल्या दिसल्या. उरलेल्या पेशींत धाग्यांचे गुंते होते. असे गुंते अल्झायमरमध्येही असतात, पण इथे त्यांच्या जागा वेगळ्या होत्या. प्रत्येक रुग्णात साधारण त्याच जागा. हा वेगळा आजार आहे याचा आधार तो होता. हे गुंते टाऊ नावाच्या प्रथिनाचे असतात हे पुढे कळलं.

ओल्शेव्स्की यांचं १९६४ मध्येच निधन झालं. स्टील पुढे पॅसिफिक महासागरातल्या ग्वाम बेटावर गेले आणि तिथल्या चामोरो लोकांतल्या अशाच एका गूढ मेंदूविकाराचा त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला. ऑलिव्हर सॅक्स यांच्या १९९७च्या एका पुस्तकात ते भेटतात.

ड्रायव्हर ठीक, आदेश पोहोचत नाही

आजाराच्या नावात एक छान शोधकथा दडलेली आहे. 'न्यूक्लिअर' म्हटलं की आपल्याला अणू आठवतो. इथे न्यूक्लिअस म्हणजे पेशींचा पुंजका, डोळ्यांच्या स्नायूंना थेट हुकूम देणारा. 'सुप्रा' म्हणजे वर. बिघाड या पुंजक्यांत नाही, त्यांच्या वरच्या पातळीवर आहे, असं हे नाव सांगतं.

हे कुठल्याही यंत्राशिवाय ओळखता येतं. डॉक्टर रुग्णाला सांगतात, "खाली बघा." डोळे हलत नाहीत. मग ते म्हणतात, "समोर माझ्या नाकाकडे बघत राहा," आणि स्वतःच्या हातांनी रुग्णाची मान अलगद खाली-वर करतात. आणि सांगूनही न हलणारे तेच डोळे आता खोबणीत वर-खाली फिरतात! मान हलली की नजर स्थिर ठेवणारी प्रतिक्षिप्त क्रिया खालच्या पातळीवरची. ती शाबूत आहे. म्हणजे स्नायू ठीक, त्यांचे पुंजके ठीक. इच्छेने दिलेला आदेश तेवढा तिथवर पोहोचत नाही.

माझ्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअर चालू आहे, ड्रायव्हरही चालू आहे, पण वरून आलेली कमांड वाटेतच हरवते. कोड लिहिणाऱ्या कुणालाही ही पद्धत ओळखीची वाटेल. बिघाड नेमक्या कुठल्या थरात आहे हे शोधायला आपण वरचा थर वगळून खालच्याला थेट हाक मारून बघतो. डॉक्टर हे मान हलवून करतात.

नजर आधी वर-खालीच का अडते, यालाही कारण आहे. डाव्या-उजव्या नजरेचं नियंत्रण मुख्यतः पॉन्समधून होतं आणि वर-खालीचं मध्यमेंदूतून. मध्यमेंदू आकसतो, म्हणून ताट दिसत नाही, जिन्याची पायरी दिसत नाही. तोल सांभाळणारी यंत्रणाही ढासळते, त्यामुळे माणूस पडतो आणि बऱ्याचदा मागच्या मागे, ओंडक्यासारखा पडतो.

हवा, क्ष-किरण आणि चुंबक

हे सगळं आकसणं सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होतं, पण त्यासाठी माणूस मरावा लागत होता. जिवंत माणसाचा मस्तिष्कस्तंभ बघायचा कसा?

साध्या एक्स-रेमध्ये कवटी दिसते, आतला मेंदू दिसत नाही. १९१९ मध्ये अमेरिकन शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी एक अघोरी वाटणारी युक्ती काढली. कंबरेच्या मणक्यांतून सुई घालून मेंदूभोवतालचं पाणी काढायचं आणि त्या जागी हवा भरायची. हवा एक्स-रेत काळी दिसते, त्यामुळे मेंदूच्या कडा उमटतात. रुग्णाला भयानक डोकं दुखायचं, उलट्या व्हायच्या. तरी पन्नासेक वर्षं ही तपासणी चालली. सत्तरच्या दशकात पीएसपीच्या रुग्णांच्या अशा हवेच्या चित्रांत बारीक झालेला मध्यमेंदू दिसल्याची नोंद आहे. म्हणजे पक्ष्याची अंधुक सावली तेव्हाही पडत होती.

मग आला सीटी स्कॅन. तो बनवणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड इंजिनिअर होते. बीटल्सच्या तबकड्या काढणाऱ्या ईएमआय कंपनीत ते काम करत. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातल्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये पहिल्या रुग्णाचा मेंदू स्कॅन झाला. चित्र होतं ८० बाय ८० ठिपक्यांचं, म्हणजे एकूण ६,४०० पिक्सेल. तुमच्या फोनवरच्या ॲपच्या आयकॉनमध्ये याहून जास्त असतात. पण कवटी न उघडता, हवा न भरता मेंदूचा काप दिसला होता. १९७९ मध्ये हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉर्मॅक यांना नोबेल मिळालं.

मस्तिष्कस्तंभाच्या बाबतीत मात्र सीटी कमी पडला, आणि याचं कारण कवटीच्या रचनेत आहे. देठाच्या दोन्ही बाजूंना, कानांच्या आतल्या अंगाला शरीरातलं सगळ्यात घट्ट हाड असतं. क्ष-किरण त्या दोन हाडांतून जाताना त्यांतले दुबळे किरण शोषले जातात. गणित करणाऱ्या कॉम्प्युटरला ही गफलत कळत नाही आणि तो दोन हाडांच्या मध्ये काळे पट्टे काढून ठेवतो. बरोबर जिथे बघायचंय तिथे! शिवाय त्या वेळचे सीटी काप आडवे असत, काकडीच्या चकत्यांसारखे. पक्षी दिसतो उभ्या कापात. चकत्यांत तो दिसणार कसा?

एमआरआयने दोन्ही अडचणी दूर केल्या. यात क्ष-किरण नाहीत. शरीरातल्या पाण्यात हायड्रोजन असतो. त्याच्या अणुकेंद्रांना प्रबळ चुंबकात ठेवून रेडिओलहरींनी डिवचायचं आणि ती परत येताना जे संदेश देतात ते टिपायचे. नेहमीच्या १.५ टेस्लाच्या यंत्राचं चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण तीस हजार पट असतं. घट्ट हाड जवळजवळ काहीच संदेश देत नाही, त्यामुळे ते काळे पट्टे पडत नाहीत. आणि काप हवा तसा घेता येतो, आडवा, उभा, तिरका. पॉल लॉटरबर यांचा यावरचा पहिला शोधनिबंध 'नेचर'ने आधी नाकारला होता. तो १९७३ मध्ये छापला गेला. लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना नोबेल मिळालं २००३ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी जपानमधून हमिंगबर्ड उडाला त्याच वर्षी.

म्हणजे १९८०च्या दशकापासून पीएसपीच्या रुग्णांचे उभे काप निघत होते. पुढच्या काळात मध्यमेंदू बारीक दिसतो असं डॉक्टर लिहीतही होते. माहिती होती, पण तिला पटकन हाक मारता येईल असं नाव नव्हतं. 'मध्यमेंदूच्या वरच्या भागाचा ऱ्हास' हे तज्ज्ञाने शोधायचं असतं. 'हमिंगबर्ड' हा रात्रपाळीचा दमलेला शिकाऊ डॉक्टरही ओळखू शकतो. याच आकृतीला पेंग्विनही म्हणतात. आपल्याकडच्या डॉक्टरांनी बारसं केलं असतं तर बहुधा शिंजीर म्हटलं असतं.

चित्र तेच, प्रश्न वेगळा

माझे मामा कराडला राहायचे. निवृत्त शिक्षक. एकसष्टाव्या वर्षी ते अंगणात दोनदा मागच्या मागे पडले. हळू चालू लागले, चेहरा मख्ख झाला. जेवताना आमटी सदऱ्यावर सांडायची आणि मामी चिडायच्या. सगळ्यात वाईट म्हणजे एकदा बाजारात पडले तेव्हा जमलेल्यांपैकी कुणीतरी 'सकाळी सकाळीच लावलीय वाटतं' असं म्हणालं. मामांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता.

पहिल्या डॉक्टरांना शंका आली पक्षाघाताची, म्हणून एमआरआय झाला. रिपोर्टमध्ये आलं: ताजा पक्षाघात नाही, मेंदू वयोमानानुसार थोडा आकसलेला. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बरोबर होतं. मग कंपवाताच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन वर्षं डोस वाढत गेला, फरक पडला नाही.

तिसऱ्या वर्षी दुसऱ्या एका न्यूरोलॉजिस्टनी मामांना आधी चालायला सांगितलं. मग म्हणाल्या, "सर, आता मान न हलवता खाली बघा." मग हातांनी मान हलवून पाहिली. त्यानंतरच त्यांनी जुन्या एमआरआयची सीडी मागितली, उभे काप उघडले आणि आईला बोलावून पडद्यावर बोट ठेवलं, "ताई, इथे बघा, पक्ष्याची चोच दिसते का?"

पुण्याला परतल्यावर मी ती सीडी लॅपटॉपवर फुकट मिळणाऱ्या एका व्ह्यूअरमध्ये उघडली. शेकडो चित्रं होती. उभ्या कापांच्या मालिकेत एकवीस काप. पक्षी त्यांतल्या फक्त एका कापात स्पष्ट होता, शेजारच्या दोन कापांत अर्धामुर्धा आणि बाकीच्यांत अजिबात नाही. हातात दिलेल्या मोठ्या फिल्मवर तो काप पोस्टाच्या तिकिटाएवढा होता. आणि फाइलवरची तारीख होती दोन वर्षांपूर्वीची.

मी त्या रात्री बराच वेळ माऊसचं चाक पुढे-मागे फिरवत बसले. पक्षी यायचा, जायचा. यंत्राने त्याचं काम केलं होतं, सगळे पिक्सेल जागच्या जागी होते. 'पक्षाघात आहे का?' असं विचारलं तेव्हा त्या चित्रानं 'नाही' म्हटलं. 'मध्यमेंदू आकसलाय का?' असं विचारल्यावर त्याच चित्रानं 'हो' म्हटलं. पण हा दुसरा प्रश्न आला कुठून? डोळे वर-खाली करायला सांगण्यातून. म्हणजे १९५५च्या सुमारास टोरांटोमध्ये जे घडलं होतं त्यातूनच.

त्या दिवशी माझ्या मूळ कोड्याचंही उत्तर मिळालं. १९६४ ते २००३ ही वर्षं फक्त यंत्रं सुधारण्यात गेली नव्हती. आधी कुणीतरी लक्षणं एकत्र बांधली, कुणीतरी मेलेल्या पेशींच्या जागा दाखवल्या. त्यामुळे नेमका कुठे आणि कुठल्या बाजूने काप बघायचा हे ठरलं. आणि शेवटी कुणीतरी त्याला जिभेवर बसणारं नाव दिलं. यातली एक पायरी जरी गाळली, तरी उरतात ते शेकडो करडे काप.

पक्ष्यापासून आकड्यापर्यंत

आकृती ओळखण्यात एक धोका असतो. ढगात हत्ती दिसतो तसा एमआरआयमध्ये पक्षीही दिसू शकतो. म्हणून पुढचं पाऊल मोजमापाचं होतं. २००५ मध्ये जपानमधल्याच एका गटाने त्या मधल्या कापात मध्यमेंदूचं क्षेत्रफळ मोजलं. निरोगी लोकांत सरासरी सुमारे ११८ चौरस मिलिमीटर, कंपवाताच्या रुग्णांत १०३ आणि पीएसपीत ५६. करंगळीच्या नखाएवढा भाग निम्म्यावर आलेला.

२००८ मध्ये इटलीच्या क्वात्रोने यांच्या गटाने याचं सूत्र केलं. पॉन्सचं क्षेत्रफळ भागिले मध्यमेंदूचं क्षेत्रफळ. त्याला लहान मेंदूकडे जाणाऱ्या मधल्या जाड दोराची रुंदी भागिले वरच्या बारीक दोराची रुंदी, या गुणोत्तराने गुणायचं. पीएसपीत जे आकसतं ते सगळं छेदात, जे टिकतं ते अंशात. त्यामुळे आजार वाढला की आकडा वर जातो. त्यांच्या अभ्यासात १३.५५ ही सीमारेषा ठरली. साधा भागाकार-गुणाकार, पण काय सुंदर बेतलेला! आता ही मोजणी सॉफ्टवेअरही करतं. आणि तेही आधी माणसांनी सीमा आखून दिलेल्या चित्रांवरून शिकलेलं असतं.

तरीही २०१७ मध्ये जागतिक तज्ज्ञांनी निदानाचे नवे निकष ठरवले तेव्हा एमआरआयला जागा मिळाली ती आधार म्हणून. पाया आहेत चार गोष्टी: डोळ्यांची हालचाल, तोल, हालचालींचा संथपणा आणि आकलन-वागण्यातले बदल. कारण पक्षी स्पष्ट दिसतो तोवर मध्यमेंदूचा बराच भाग गेलेला असतो. ज्या सुरुवातीच्या काळात शंका सगळ्यात जास्त असते, त्याच काळात चित्र सगळ्यात कमी बोलतं. आणि 'निश्चित पीएसपी' हा शब्द आजही फक्त मृत्यूनंतर मेंदूची तपासणी झाली तरच वापरतात, म्हणजे ओल्शेव्स्की यांच्या पद्धतीने.

नाव कळून काय होतं?

इंग्लिश विनोदी अभिनेते डडली मूर यांच्याबद्दल ते दारू पिऊन काम करतात अशी कुजबुज होती. १९९९ मध्ये त्यांनी आपल्याला पीएसपी असल्याचं जाहीर केलं. २००२ मध्ये ते गेले. गायिका लिंडा रॉनस्टॅट यांनी २०१३ मध्ये आपल्याला कंपवात असल्याचं सांगितलं होतं. काही वर्षांनी त्यांचं निदान बदलून पीएसपी झालं. जगातले उत्तम डॉक्टर परवडणाऱ्यांची ही गत, तर कराडच्या बाजारात पडलेल्या निवृत्त मास्तरांचं काय!

पीएसपी थांबवणारं औषध आजही नाही. टाऊ प्रथिनाला पकडणाऱ्या दोन अँटिबॉडींवर मोठी आशा होती. २०१९ मध्ये दोन्हींच्या पीएसपीवरच्या चाचण्या अपयशी ठरून थांबल्या. निदानानंतर किती वर्षं, हे माणसागणिक बदलतं. लक्षणं सुरू झाल्यापासून सरासरी सहा ते नऊ वर्षं सांगतात. मग नाव कळून उपयोग काय, असं मला एका मित्राने विचारलं.

आमच्या घरात काय झालं ते सांगते. मामांचा दोन भिंगांचा चष्मा गेला, कारण खालच्या भिंगातून बघायला नजर खाली जायलाच हवी, आणि ती जात नव्हती. ताट चौरंगावर ठेवून छातीच्या उंचीला आणलं. आमटी सांडणं कमी झालं आणि मामींचं चिडणंही थांबलं, कारण ते मुद्दाम किंवा निष्काळजीपणाने होत नाही हे त्यांना कळलं. न्हाणीघरात धरायला दांडे बसले. पाणी पिताना ठसका लागतो म्हणून द्रवपदार्थ थोडे घट्ट करून द्यायला शिकलो. फुफ्फुसात अन्न जाऊन होणारा न्यूमोनिया हा या आजारातला मोठा धोका आहे. वाढत चाललेल्या निरुपयोगी गोळ्या कमी झाल्या. त्यानंतर मामा अडीच वर्षं होते. पडले असतील दोन-तीनदाच. आधी आठवड्याला पडत होते.

हे काही चमत्कारिक उपचार नाहीत. सुतार, चौरंग आणि थोडी समज, एवढंच. पण नाव नव्हतं तोवर यातलं एकही सुचलं नव्हतं.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरात पीएसपी नसेल, तो दुर्मिळच आहे. पण घरातलं कुणी वारंवार मागच्या मागे पडत असेल, ताटातलं किंवा पायरीवरचं दिसत नाही म्हणत असेल, चष्म्याचा नंबर बदलूनही तक्रार तशीच राहत असेल आणि कंपवाताच्या गोळ्यांनी फरक पडत नसेल, तर 'वय झालं' म्हणून सोडू नका. न्यूरोलॉजिस्टकडे न्या आणि किती वेळा पडले, कुठल्या दिशेने पडले, कधीपासून, हे फोनमध्ये लिहून न्या. जुन्या एमआरआयची फिल्म असली तरी सीडी शोधून सोबत घ्या, कारण फिल्मवर मोजकेच काप छापलेले असतात. आणि ती डॉक्टरांच्या हातात देताना एवढं विचारा, "मधला उभा काप एकदा बघाल का?"